मावशींच्या ढिगातली गादी

वादळानंतर गल्लीत सगळ्यात मोठा ढीग एक्स्चेंज मावशींच्या दारात लागला होता. त्यांच्या अंगणातलं बदामाचं झाड मुळासकट आडवं झालं. पडताना त्याने कुंपणाचा एक कोपरा नेला, पण घराला धक्का लावला नाही. करवतवाल्यांनी बुंध्याचे तुकडे करून दिले आणि फांद्या गल्लीतल्या लोकांनी ओढून रस्त्याच्या कडेला रचल्या. त्यात सर्वांत जास्त खेपा शेजारच्या चष्मेवाल्याने घातल्या. मावशी गेटपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक खेपेला त्याला म्हणत होत्या, "पुरे रे आता, कंबर धरेल." तो म्हणत होता, "ही शेवटची." असं करत दुपार झाली.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. एके काळी अर्ध्या गावाचे नंबर त्यांना पाठ होते आणि ते त्यांनी अजून विसरायचं नाव काढलं नव्हतं. बेकरीवाल्या काकांना त्या नावाने हाक मारतच नसत. "काय एकतीस बारा, आज पाव लवकर संपले?" असं विचारत. एकतीस बारा हा बेकरीचा जुना नंबर. तो बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण बेकरीवाले काका त्या हाकेला ओ देत.

नगरपालिकेची जीप दिवसातून दोनदा कर्ण्यावरून ओरडत जायची. बागेतला कचरा तेवढाच कडेला ठेवा. फांद्या, पाला, बुंधे. पिशव्या भरू नका. विजेच्या तारांखाली ढीग लावू नका. घरातलं सामान मिसळू नका, मिसळलेला ढीग उचलला जाणार नाही. चष्मेवाल्याला कोणत्याही गोष्टीचं कारण विचारायची सवय होती. त्याने जीपमधल्या मुकादमाला थांबवून विचारलं, "मिसळलं तर बिघडतं काय?"

"हे सगळं भुगा करायच्या यंत्रात जातं," मुकादम म्हणाला. "लाकूड जातं सरळ. कापड, कापूस गेला की पात्यांच्या दांड्याला गुंडाळला जातो. मग यंत्र बंद, आणि आमची माणसं आत हात घालून बोळे ओढत बसतात."

म्हणजे त्याला माहीत होतं. नंतर त्याला हेच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. नियम माहीत होता आणि नियमामागचं कारणही.

त्याच्या मागच्या खोलीचं छत गळलं होतं आणि नेमकं एका खाटेवर. कापसाची गादी आतपर्यंत भिजली. ऊन नव्हतंच. गॅलरीत टांगून पाहिली, पंख्याखाली उभी करून पाहिली, पण खालच्या बाजूला काळ्या ठिपक्यांची बुरशी धरली आणि खोलीत जुन्या तळघराचा वास सुटला. त्याची बायको हॉस्पिटलमध्ये नर्स होती. वादळापासून तिला दुहेरी पाळी लागली होती. त्या दिवशी निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, "मी परत येईन तेव्हा ती गादी मला घरात दिसता कामा नये."

"घरातलं सामान उचलायची फेरी अजून जाहीर झाली नाही."

"मग केंद्रावर नेऊन टाक. गल्लीची हातगाडी आहे ना? की तिचं चाकसुद्धा मीच तपासून द्यायचं?"

केंद्र म्हणजे पुलापलीकडचं मैदान. भिजलेली गादी ढकलत तिथवर जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडणार. आणि दुकानात तर माणसांची रांग होती. वादळात किती चष्मे हरवतात याचा अंदाज त्यालाही नव्हता.

तरीही तो निघाला होता तो केंद्रावर जायलाच. गादीची घडी घातली, सुतळीने बांधली, हातगाडीवर चढवली. डाग चारचौघांना दिसू नयेत म्हणून वर आपल्याच वेलीच्या तुटलेल्या फांद्या पसरल्या. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला आणि घराघरातून बादल्या घेऊन माणसं तिकडे धावली. दोन मिनिटांत गल्ली रिकामी झाली. मावशींच्या ढिगापाशी रस्ता खचला होता, तिथे हातगाडीचं चाक अडकलं. तो वाकून चाक सोडवू लागला आणि वाकल्या वाकल्याच त्याची नजर ढिगावर गेली. माणसाच्या डोक्याहून उंच, बदामाच्या रुंद पानांनी गच्च भरलेला ढीग. उद्या सकाळी ढीग उचलणारी पंजाची गाडी यायची होती. एका घासात घेऊन जाईल, कुणाला कळणारही नाही. एवढ्या लाकडात एक गादी यंत्राला काय जड?

यंत्राला ती जड जाते, हे त्याला माहीत होतं. त्याने फांद्या बाजूला सारून जागा करण्यासाठी हात आत घातला. आत ढीग गरम होता, ताप आलेल्या माणसाच्या काखेसारखा. ओला पाला कुजायला लागला की त्यातले जिवाणू उष्णता सोडतात, हे तो शाळेत शिकला होता, पण ती अशी स्वतःच्या हाताला कधी लागली नव्हती. त्याने हात चटकन मागे घेतला. मग पुन्हा घातला, गादी आत ढकलली, वेलीच्या फांद्या वर टाकल्या आणि घरातून बादली घेऊन टँकरकडे गेला.

रांगेत पुढून मावशींनी हात केला. "ये इकडे! तुझी जागा धरून ठेवली आहे. हा एकतीस बारा मघापासून भांडतोय माझ्याशी."

"भांडत नाही," बेकरीवाले काका म्हणाले, "मावशी, तुम्ही एका बादलीच्या जागेत दोन माणसं घुसवताय, एवढंच म्हणतोय."

"त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या फांद्या ओढल्यात त्याने. तू काय ओढलंस? बिडी?"

सगळे हसले. चष्मेवालाही हसला आणि मावशींच्या पुढे जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पंजाची गाडी आली तेव्हा सगळी गल्ली बघायला बाहेर होती. यंत्राचा तो लोखंडी पंजा बघण्यासारखाच होता. ट्रकच्या पाठीवरून लांब हात वळायचा, पंजा उघडायचा, ढिगात रुतायचा आणि मिटून वर जायचा. बेकरीवाल्यांचा ढीग गेला, चष्मेवाल्याचा छोटासा ढीग गेला. मग गाडी मावशींच्या दारात थांबली. पहिल्या घासाला बुंधे गेले. दुसऱ्या घासाला पंजा वर निघाला आणि त्याच्या बोटांतून काहीतरी घरंगळलं. सुतळी तुटली, घडी उलगडली आणि निळ्या पट्ट्यांची गादी पंजातून खाली लोंबायला लागली, दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी. तिच्यातून काळं पाणी टपटप गळत होतं.

पंजावाल्याने यंत्र थांबवलं. मुकादम पुढे आला.

"मावशी, हे कुठलं झाड लावलंत? याला गाद्या धरतात?"

गल्ली खो खो हसली. मावशी खुर्चीतून उठल्या. "माझी नाही ती."

"मग वाऱ्याने आणली?"

"आणेलही," बेकरीवाले काका म्हणाले. "वादळ केवढं होतं."

"घडी घालून? वर सुतळी बांधून?" मुकादमाने विचारलं. पुन्हा हशा पिकला.

मावशी मात्र हसल्या नाहीत. जवळ जाऊन त्यांनी लोंबत्या गादीचा कोपरा चिमटीत धरला आणि पट्ट्या निरखल्या. "अशी एक होती माझ्याकडे," त्या हळू म्हणाल्या. "माळ्यावर होती. ती मी देऊन टाकली कुणाला तरी. दिली ना? की पाणी आलं तेव्हा खाली काढली…"

चष्मेवाला आपल्या गेटला धरून उभा होता. 'माझी आहे' एवढंच म्हणायचं होतं. एका श्वासाचं काम. त्याने श्वास घेतलासुद्धा. पण सगळे अजून हसत होते आणि त्या हसण्यात शिरायला त्याला फट सापडेना. थोडं थांबू, हसणं ओसरू दे, असं त्याने ठरवलं. हसणं ओसरलं आणि मावशी म्हणाल्या, "असेल बाई माझीच. हल्ली काही सांगता येत नाही."

त्यानंतर बोलणं त्याला आणखी अवघड वाटलं. मुकादमाने पंजा रिकामा करायला लावला. उरलेल्या ढिगाच्या एका फांदीला तांबडी फीत बांधली आणि तो म्हणाला, "फितीवाले ढीग सगळ्या फेऱ्या संपल्यावर. नियम आहे मावशी, राग धरू नका."

"नाही रे. चूक झाली तर झाली."

त्याच दुपारी चष्मेवाल्याने दुकान बंद ठेवलं, गादी हातगाडीवर घातली आणि पुलापलीकडे केंद्रावर नेऊन टाकली. जाताना लोकांनी पाहिलं. "बघा, शिकण्यासारखं आहे," बेकरीवाले काका मोठ्याने म्हणाले. "शेजाऱ्याची घाण स्वतः वाहून नेतोय." मावशींनी थर्मासमध्ये चहा भरून त्याच्या घरी आणून दिला. तो त्याने मोरीत ओतला आणि मग त्याचंही त्याला वाईट वाटलं.

बायको घरी आली. "गेली?"

"गेली."

"केंद्रावर?"

"हो."

ते खरं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हे त्याने अंथरुणावर पडल्या पडल्या दोनतीनदा तपासून पाहिलं.

पुढच्या दिवसांत मावशींचा आवाज बदलला. आधी त्या कुंपणावरून हाका मारायच्या, आता विचारायला लागल्या. "अरे, काल मी तुझ्याकडून कात्री नेली होती का?" "नाही मावशी." "नाही ना? बरं." मग थोड्या वेळाने, "आणि परत नाही ना केली?" त्या हसत विचारायच्या, पण उत्तरासाठी थांबायच्या. गॅस बंद केला का हे बघायला त्या अर्ध्या वाटेतून परत जायच्या. एकदा बेकरीवाले काका पावाची पिशवी देताना म्हणाले, "मावशी, आज मला नंबर नाही?"

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "चुकला तर उगाच हसाल."

चष्मेवाला तेव्हा कुंपणाचा पडलेला कोपरा बांधत होता. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने ते काम अंगावर घेतलं होतं. त्याच्या हातातला खिळा वाकला. तो त्याने काढून सरळ केला आणि पुन्हा ठोकला.

रस्ता मोकळा झाला तशी मावशींची लेक आली. दुसऱ्या शहरात असायची. पहिल्याच संध्याकाळी कुंपणापलीकडून तिचा आवाज आला. वाद घालणारा नव्हे, घाबरलेला.

"आई, तू गादीची घडी घातलीस, सुतळीने बांधलीस, बाहेर नेऊन ढिगात कोंबलीस. आणि तुला यातलं काहीच आठवत नाही. ही साधी गोष्ट आहे का?"

"एवढी जड मी उचलली कशी, हेच मला कळत नाही."

"तेच तर! उद्या गॅस चालू ठेवून निजलीस तर? मी तिकडे झोपू कशी?"

"माझं घर आहे इथे."

"घराला कुलूप लावून ठेवू. पुढचं पुढे बघू. रविवारी निघायचं."

मावशी नाही म्हणाल्या नाहीत. आधीच्या मावशी असत्या तर लेकीला दारातून परत पाठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी लेकीने चष्मेवाल्याला गेटपाशी गाठलं. "दादा, तुम्ही रोज बघता तिला. खरं सांगा, कधीपासून चाललंय हे?"

"ताई, मला तर तसं काही…"

"तुम्ही नाही सांगणार. चांगले आहात म्हणून." तिचे डोळे भरून आले. "गादीही तुम्हीच उचलून नेलीत ना? आई सांगत होती."

तो आत येऊन खुर्चीत बसला. आता सांगायचं म्हणजे फक्त गादीचं सांगायचं नव्हतं. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचंही सांगावं लागणार होतं. रोज ते थोडं थोडं वाढत होतं, त्या ढिगाच्या आतल्या उष्णतेसारखं, बाहेरून काही न दिसता.

शनिवारी सकाळी मावशी त्याच्या दुकानात आल्या. लेक शेजारच्या औषधाच्या दुकानात गेली होती. मावशी तपासणीच्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाल्या, "माझे डोळे बघ जरा नीट."

"काय होतंय?"

"होत काही नाही. पण मी काय म्हणते, डोळेच बिघडले असले तर? पावसाळी अंधार होता. मला फांद्यांचा भारा वाटला असेल आणि मी ती गादी उचलली असेल. असं होऊ शकतं ना?" त्या त्याच्याकडे बघत होत्या. "डोळे गेले असतील तर चालेल मला. डोळ्यांना चष्मा असतो."

त्याने दुकानाचा दिवा मालवला आणि अक्षरांचा तक्ता उजळला. मावशींच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली. मनात हिशेब चालू होता. नंबर वाढलाय, असं म्हटलं की झालं. कागदावर दोन आकडे लिहायचे. लेकीलाही दाखवता येईल: बघा, डोळ्यांमुळे झालं. मावशींची सुटका आणि त्याचीही. नवा चष्मा तो फुकट देईल.

"वाचा," तो म्हणाला. "सगळ्यात खालची ओळ."

"न, ध, र, ख, ल, भ," मावशींनी सरळ आवाजात, एकेक अक्षर सुटं करत म्हटलं. एक्स्चेंजमध्ये नंबर जोडताना म्हणत असतील तसं.

तो नंबर लिहायला वळला आणि थांबला. भिंगांच्या पेटीत एका जोडीची खाच रिकामी होती. तपासणीच्या सुरुवातीला नजर मुद्दाम धूसर करायला तो एक जाड भिंग घालतो आणि मग ते पायरीपायरीने उतरवत नेतो. आज त्याने ते दोन्ही डोळ्यांना घातलं होतं आणि काढायचं विसरला होता. त्या भिंगांतून मावशींना तक्त्याच्या वरचं मोठं अक्षरही पुसटच दिसलं असतं.

"मावशी, तुम्हाला ती ओळ दिसली?"

"नाही. सगळं धुक्यासारखं आहे."

"मग वाचली कशी?"

"मोतीबिंदू काढल्यावर आले होते ना मागच्या वर्षी, तेव्हा तूच वाचायला लावली होतीस. दोन्ही डोळ्यांना." त्या जरा ओशाळल्या. "नव्हतं सांगायचं का? तू विचारलंस म्हणून सांगितली."

पाठ असलेल्या एका ओळीवरून कुणाची स्मरणशक्ती सिद्ध होत नाही, एवढं त्याला कळत होतं. पण त्याला काही सिद्ध करायचंच नव्हतं. ती गादी मावशींनी टाकलेली नाही, हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? त्याने फ्रेम उतरवली. दिवा लावला.

"मावशी, ती गादी माझी होती."

"कुठली?"

"ढिगातली. मी टाकली. सगळे टँकरवर होते तेव्हा. घडी मी घातली, सुतळी मी बांधली."

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. "गुणाचा आहेस. पण असलं खोटं बोलू नये रे, माझ्यासाठीसुद्धा."

"खोटं नाही मावशी!"

"तू तर ती उचलून नेलीस. ज्याने टाकली तो कशाला नेईल?"

लेक दारात उभी होती. तिने शेवटचं ऐकलं होतं. "दादा, प्लीज," ती म्हणाली. "तिला असा धीर देऊ नका. उद्या निघायचंय. मोठ्या मुश्किलीने तयार झाली आहे."

आपल्या चांगुलपणाची इतकी चीड त्याला कधी आली नव्हती. तो इतके दिवस त्याच्याच आड उभा होता आणि आता बाहेर यायचं म्हटलं तर दार उघडत नव्हतं. "चला," तो म्हणाला. "दोघीही घरी चला. दाखवतो."

त्याने दुकानाचं शटर ओढलं. मागच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीच्या नुसत्या फळ्या दिसत होत्या. दुसरीवर बायको रात्रपाळी करून गाढ झोपली होती. तो तिच्या पायाशी गेला आणि चादरीचा कोपरा वर केला. खाली निळ्या पट्ट्या होत्या. दोन्ही गाद्या एकाच थानाच्या कापडाच्या, एकाच दिवशी करून घेतलेल्या.

बायको दचकून उठली. "काय झालं? कोण आहे? मावशी?"

"झोप तू," मावशी म्हणाल्या आणि पट्ट्यांवरून बोट फिरवू लागल्या. "दुसरी कुठे आहे गं?"

"दुसरी? तिला बुरशी लागली. हा केंद्रावर टाकून आला."

"आधी माझ्या ढिगात," मावशी म्हणाल्या.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्यावरून तिला जे कळायचं ते कळलं.

मावशी रिकाम्या खाटेच्या फळीवर बसल्या. मग बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज तोच जुना, नंबर जोडणारा होता. "रांगेत तू सगळ्यात शेवटी आलास. तुझ्या बाह्यांना पाला लागला होता. मला वाटलं, माझंच काही काम करत असशील. म्हणून मी तुझी जागा धरली."

"हो."

"सकाळी मी गादीपाशी गेले तेव्हा तू गेट धरून उभा होतास. माझ्याकडे बघत होतास."

"हो."

"दादा," लेक म्हणाली, आणि त्या शब्दाला आता वेगळीच धार होती, "मी चार रात्री डोळ्याला डोळा लावलेला नाही. कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, घराचं काय करायचं… तुम्ही रोज आमच्या कुंपणाला खिळे ठोकत होतात."

त्या दोघी गेल्यावर बायकोने उशी भिंतीला लावली आणि उठून बसली. "मी म्हणाले होते केंद्रावर ने," ती म्हणाली. "मावशींच्या दारात टाक असं नव्हते म्हणाले. बस इथे. आता झोप कुठली येतेय मला? पहिल्यापासून सांग." त्याने सांगितलं. ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटत राहिलं. तिने एकदाच विचारलं, "आणि मला 'हो' म्हणालास तेव्हा?"

संध्याकाळी तो नगरपालिकेच्या यार्डात जाऊन मुकादमाला भेटला आणि सगळं सांगितलं. दंड करा म्हणाला, फीत माझ्या दाराला बांधा म्हणाला. मुकादमाने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि हसत सुटला. "अहो, सगळं गाव शेजाऱ्याच्या ढिगात काही ना काही खुपसतंय. काल एका ढिगात फ्रिज निघाला! कबूल करायला आलेले तुम्ही पहिलेच. जा घरी. ढिगात आता गादी नाही ना? मग उद्या पंजा पाठवतो."

एवढंच. कुणी दोन शब्द सुनावले असते तर ते घेऊन तो घरी गेला असता. येताना तो बेकरीत शिरला आणि गिऱ्हाइकांसमोर काकांना सांगितलं, "ती गादी माझी होती. मावशींची नव्हती. मीच टाकली होती." काकांनी पाव बांधता बांधता हात थांबवला, त्याच्याकडे बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

रविवारी लेक एकटीच गेली. पंजाची गाडी आली आणि मावशींचा ढीग दोन घासांत घेऊन गेली. मागे रस्त्याच्या कडेला पिवळ्या पडलेल्या गवताचा मोठा डाग उरला. चष्मेवाला खराटा घेऊन तिथला चुरा गोळा करू लागला. मावशी गेटपाशी आल्या. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या आणि त्याला ते सोसत नव्हतं.

"मावशी, मी काय करू सांगा. तुम्ही सांगाल ते करतो."

"खराटा राहू दे आधी." त्यांनी गेटच्या सळीला धरलं. "तू टाकलीस, ते मी समजू शकते. दमला होतास, बायकोचा धाक होता. गप्प बसलास, तेही समजू शकते. सगळे हसत होते. माणूस घाबरतो."

तो ऐकत होता.

"पण मी म्हणाले ना, असेल माझीच. ते मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. तूही नाही. आणि म्हटल्यावर मला ती आठवायलाच लागली रे. माळ्यावरून ओढताना, सुतळी शोधताना. सुतळीचं टोक दाताने तोडल्याचंसुद्धा आठवलं मला. रोज थोडं जास्त आठवायचं." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "जे झालंच नाही ते मला इतकं स्पष्ट आठवतं, तर जे झालं त्याचं मी काय धरू?"

त्याने तोंड उघडलं. असं कुणालाही होऊ शकतं, मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरून काढतो, यात आजार काही नाही, हे सगळं त्याला माहीत होतं आणि ते खरंही होतं. पण त्याच्या तोंडून ते ऐकण्यात त्यांना काही अर्थ वाटला नसता.

"तुला माहीत नाही ना?" मावशी म्हणाल्या. "मलाही नाही."

त्या आत वळल्या. गेटची कडी लागली. त्यांची पावलं अंगणातून दारापर्यंत गेली. खराटा हातात धरून चष्मेवाला तसाच उभा होता. दार उघडल्याचा आवाज आला, पण मिटल्याचा आला नाही. पावलं परत गेटपर्यंत आली. मावशींनी त्याच्याकडे न बघता कडी हलवून पाहिली. लागलेली होती. त्या आत गेल्या. तो तिथेच उभा राहिला आणि थोड्या वेळाने पावलं पुन्हा आली.